कावीळ

आम्ही सगळ्यांना सांगितलं, हिरामणला कावीळ झालीय.
सातपूरच्या कारखान्यातल्या रजेच्या अर्जावर
मीच लिहिलं ते, ब्लाउजची मापं लिहायच्या पेनाने,
आणि अक्षर बरं आलं याचं
त्याही दिवशी मला समाधान वाटलं.

कावीळ म्हटल्यावर लोक येतातच.
जेलरोडची आत्या उसाचा रस घेऊन आली, बिनबर्फाचा.
पेखळेकाकूंनी पाल्यासकट मुळे दिले.
सिन्नरकडचा कुणी माळ घालतो म्हणे,
ती लांबत लांबत पोटावर आली की आजार उतरतो.
हिरामण भिंतीकडे तोंड करून.
त्याच्या डोळ्यांतलं पांढरं पांढरंच होतं,
कुणी वाकून पाहिलं नाही.

खरं ते फक्त घरात, तेही खालच्या आवाजात:
रात्री तीनला तो गच्चीवरच्या टाकीपाशी
पहारा देत बसायचा.
गंगापूर धरणात काहीतरी कालवलंय,
त्याला कानात कुणी सांगून जायचं.
आईच्या हातातला तांब्या हिसकावून घ्यायचा, रडत,
आम्ही मरू नये म्हणून.

त्र्यंबकला तीन दिवसांचा विधी झाला.
पावती अजून डाळीच्या डब्याखाली आहे.
तिन्ही दिवस तो सांगितलं तसं वागला.
फक्त कुशावर्ताच्या पायरीवर माझा दंड धरून म्हणाला,
ताई, हे पाणी तपासलंय ना?

सिव्हिलच्या खिडकीवर मागे तीसेक माणसं.
काय होतंय?
माझ्या तोंडात काविळीचा का आलाच होता.
हिरामण पुढे झाला. झोप नाही, म्हणाला,
आणि आवाज येतात.
रांगेत कुणीतरी खोकलं.
केसपेपरवाल्याने मान वर न करता शिक्का मारला:
सतरा नंबर. जिन्याच्या उजवीकडे. पुढचा.

इतकंच.
खरूज म्हटली असती तरी असाच मारला असता.
मी तिथेच जिन्याखाली रडले,
आणि माणसं माझ्या कडेने वर जात राहिली.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा मला लिहून घेता यावं म्हणून सावकाश.
पथ्य विचारलं तर म्हणाल्या, गोळी चुकवायची नाही.
उसाचा रस?
चालेल की. का?

दोन गोळ्यांपैकी खिडकीत एकच होती.
दुसरी बाहेरून घ्या.
बाहेरून म्हणजे महिन्याला अकरा ब्लाउज, अस्तराचे.
मार्चमध्ये नऊच झाले.
तेव्हाचे सहा दिवस तो पुन्हा टाकीपाशी होता,
आणि सतरा नंबरला कुलूप:
बाई बुधवारी मालेगावला असतात.

नवा अर्ज त्याने स्वतः लिहिला.
खरं नाव. चार अक्षरं खोडून पुन्हा.
या वेळी कुणी रस आणला नाही.
आत्याचा फोनही नाही.

काल संध्याकाळी तोच गाड्यावरून दोन ग्लास घेऊन आला.
उजेडात धरून बघत राहिला बराच वेळ.
आधी मी प्यायले.
मग तो.