परीक्षेपुरतं

तमीम साखरकरच्या पेपरात
सातव्या प्रश्नाचं उत्तर बिनचूक होतं:
जीवाश्म, माकडहाड, आंत्रपुच्छ,
आकृतीचे बाणसुद्धा पट्टीने.
आणि खाली, पेन्सिलीने, बारीक:
बाई, हे परीक्षेपुरतं.

लाल पेन रात्रभर उघडं राहिलं.
पाचपैकी किती द्यायचे?
ती ओळ खोडली तर पोरगा खोटा ठरतो,
ठेवली तर मी.

सकाळी सुकती होती.
दाभोळच्या खाडीने अंगावरचं काढून
चिखल उन्हाला घातला होता,
आणि तिवरांच्या मुळांमधून
निवट्या चालत होत्या.
हो, चालत. मासाच तो,
कल्ल्यांत घोटभर पाणी बांधून
प्रवासाला निघालेला,
परांवर रेलून, डोळे पार डोक्यावर,
ना धड समुद्राचा ना धड गावाचा.
कुठून निघालीस नि कुठे पोचणार,
मी विचारलं नाही.
लहानपणी तिचं कालवण खाल्लंय.
ओळख आहे, पण तेवढी नाही.

अब्बा वर कबरस्तानात होते.
मोहल्ल्यात कुणी गेलं की फावडं तेच घेतात,
चाळीस वर्षं, पैसा न घेता.
त्या उतारावर दोन हात खणलं की
शिंपल्या लागतात.
तिसऱ्या, कालवं, एखादा शंख दगड झालेला.
अब्बा त्या बाजूला रचून ठेवतात,
मग मयतीबरोबर परत आत.

"इथवर खाडी होती कधीतरी," मी म्हटलं,
"हजारो वर्षांपूर्वी. लाखोही असतील."
"असतील.
त्याच्या एका दिवसात आपले किती बसतात
ते मी मोजायला गेलो नाही."
"आणि आदम?"
"मातीचा. ही काय, माझ्या नखांत आहे."
मग बराच वेळ नुसतं फावडं.
मग, माझ्याकडे न बघता:
"त्याला घाई होती, असं कुणी सांगितलं तुला?"

हाफिजजींना हे चालणार नाही.
मलाही पुरतं पटलेलं नाही.
माकडाचं नि माणसाचं आजोळ एक,
हे फळ्यावर लिहिताना
खडू जरा जोरात दाबला जातो, मोडतो कधी,
आणि त्याच पांढऱ्या बोटांनी
मी वजूचा नळ सोडते.

पाचपैकी पाच दिले.
पेन्सिलीची ओळ राहू दिली.
तिच्याखाली मीही पेन्सिलच घेतली:
रविवारी सुकती साडेआठला.
चप्पल घालून येऊ नकोस,
रुतते.