उभ्या धानात

दिवाळी होऊन चार दिवस झाले.
बांधीतलं पाणी परवा सोडलं,
धान अजून उभा, लोंब्या पिवळ्या,
देठ तेवढे हिरवे.
साडेसहाला त्या चिखलात पाय घातला
की थंडी घोट्यापाशी येऊन थांबते,
जरा विचार करते,
मग वर चढते.

टोपलीत लाखोरी,
रात्रभर भिजलेली, शेणकाल्यात घोळलेली.
करडे, कोपऱ्याकोपऱ्यांचे दाणे,
कुऱ्हाडीच्या इवल्या पात्यांसारखे.
नांगर नाही, पाभर नाही,
नुसती मूठ
आणि धान हातानं बाजूला सारत काढलेली वाट.
दाणा चिखलावर पडतो, आवाज होत नाही.
वर लोंब्यांचं दव मानेत सांडतं, त्याचाच काय तो.

धुऱ्यावर मोठेबाबा,
दोन्ही काठ्या मांडीवर आडव्या.
"दाट होऊन राह्यली, भागरता.
पाखराईले टाकतेस का मातीले?"

त्यांच्या एकोणिसाव्या वर्षी
बोडीच्या तळाला भेगा पडल्या होत्या.
धान गेला. उरली ही.
लाखोरीची भाकर, लाखोरीचं वरण,
पाहुणा आला तर लाखोरीचे वडे.
चौथ्या महिन्यात गुडघे एकमेकांत अडकू लागले,
टाचा भुईला टेकेनात.
तेव्हापासून चार पायांनी चालतात,
त्यातले दोन बांबूचे.

मी एकदा विचारलं होतं, राग नाही येत हिचा?
"त्या साली हे नसती त मीच नसतो."
बिडी विझली होती, तरी ओढत राहिले.
"येते ना. रोज येते.
पण बी वाया गेलं त जास्त येते."

आता आठवड्यात कापणी लागेल.
विळेवाल्यांच्या पायांखाली काही दाणे दबतील,
काही त्यांच्या पावलांच्या खळग्यांतच उगवतील,
आणि धान हलला की उन्हाला
पहिल्यांदा बघतील.
पौषात निळी फुलं. मग जनावरं, मग भाजी,
मग थोडी डाळ. थोडीच, तुरीत मिसळून.

मागे वळले तर
ते धुऱ्यावरून खाली सरकलेले,
दोन्ही हातांनी उचलून
एकेक पाय बांधीत सोडलेला.
बोटं चिखलात, टाचा वरच.
"थंड हाय," ते म्हणाले,
कुणीतरी बऱ्याच वर्षांनी निरोप धाडावा तसे.
त्या पायांना चालता येत नाही,
कळतं मात्र सगळं.

मी काही बोलायच्या आत
काठी वर झाली, पूर्वेकडे:
"तो कोपरा राह्यला ना तुहा."