खालच्या जबड्यातली पहिली दाढ

रास अल-खैमा, नखीलची गल्ली,
शिंप्याच्या दुकानावर माझी कवळ्यांची लॅब.
रमजानच्या आधल्या आठवड्यात मैथा अल-शेही आली,
पर्समधून काडेपेटी काढली.
आत कापूस, कापसात अकरा दात,
गव्हाच्या दाण्यांहून थोडे मोठे.
"यांचे ठसे हवेत," म्हणाली,
"माणसाचे नाहीत म्हणून हयगय नको."

सशाचे होते.
मी म्हटलं, आमच्याकडे सशाची शिंगं प्रसिद्ध आहेत,
जी नसतात. दातांचं कोणी बोलत नाही.
ती हसली, तेव्हा दिसलं,
वरचा सुळा किंचित फिरलेला.
मला आधी तेच दिसतं. माफ करा.

मग भिंगाखाली तिनं शिकवलं:
पटाशीच्या दोन दातांमागे आणखी दोन,
बारके, चुकांसारखे, लपलेले.
ते असले की उंदीर नव्हे.
पटाशीवर उभी पन्हाळ, तिच्यात सिमेंट,
कुणात उथळ, कुणात खोल जाऊन फाटे फुटलेलं.
पण खरी साक्ष खालच्या जबड्यातल्या पहिल्या दाढेची.
वरून पाहावी, तर एनॅमलची रेघ आत वळते,
घडी घालते, पुन्हा बाहेर येते,
खाडीकाठच्या वाटेसारखी.
त्या वळणावरून जात ठरते.

मला नवल वाटलं नाही.
मीही तसाच वाचतो.
मिशरीची काळपट किनार दिसली की विचारतो,
"देवरुख की साखरपा?"
ओठाआडची हिरडी नसवारनं सोललेली, तो गुलरंग खान,
ज्यानं हे अकरा दात चाळून काढले
शिमलच्या डोंगराखाली, शिंपल्यांच्या ढिगात,
जिथे कुणीतरी कधीतरी ससा भाजून खाल्ला
आणि जबडा चुलीपाशीच टाकला.
गुलरंग म्हणतो, चाळणीवर दात आला की वेगळा आवाज होतो.
कसा? ते त्याला सांगता येत नाही.

"ही दाढ," मैथानं सातव्या नंबरवर सुई टेकवली,
"इथल्या सशाची वाटत नाही.
समोरच्या किनाऱ्यावरच्याशी जुळते."
"मध्ये तर समुद्र आहे."
"तेव्हा नव्हता."

तेव्हा नव्हता.
सतरा वर्षं दर शुक्रवारी
त्या पाण्यासमोर बसून मी चणे खाल्लेत,
आणि कुणी बोललं नाही की तळाशी
दरी होती, नदी होती, गवत होतं,
की ससे चरत चरत निघाले असतील,
रात्री थोडं, पहाटे थोडं,
एका पिढीला एक टेकडी.
प्रवास म्हणून नव्हेच.
मग पाणी चढत गेलं
आणि जे ज्या बाजूला होते
ते त्या बाजूचे झाले.

रात्री ठसे ओतले.
सशाचे दात मरेपर्यंत वाढतात, ती म्हणाली होती,
म्हणून त्याला चावतच राहावं लागतं,
भूक असो नसो.
मला आईची कवळी आठवली,
गावच्या डॉक्टरच्या मापावर इथून करून पाठवलेली,
टोचते म्हणून वाटीत पडून असते, पाण्यात.
दात कोरून पोट भरत नाही, ती म्हणायची.
माझं भरलं की, आई.

सकाळी मैथा डबी न्यायला आली.
सातव्या चिठ्ठीवर जातीच्या नावाआधी
तिनं प्रश्नचिन्ह काढलं, नीट, वळणदार.
एका दातावरून एवढा रस्ता आखता येत नाही, म्हणाली.

तो ठसा मी एक जास्तीचा काढून ठेवलाय,
ड्रॉवरमध्ये, गिऱ्हाइकांच्या साच्यांत.
कधी काम नसलं की नखानं घडी चाचपतो.
वहीत नोंद केली आहे: ठसा एक, पिवळं प्लॅस्टर, पैसे मिळाले.
गावाच्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.