मॅचिंग

म्हापशात, शुक्रवारच्या बाजारामागच्या गल्लीत
एकतीस वर्षं मी ब्लाउज शिवते.
खांद्यापासून टकाच्या टोकापर्यंत किती,
एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत किती,
हे मला बाई पायरी चढतानाच कळतं,
टेप लावायचा तो तिच्या समाधानासाठी.
साडेनऊ. दहा. बाळंतपणानंतर अकरा.
खडूची एक फुली. टक तिच्या अलीकडे पाव इंच संपवायचा,
नाहीतर चोच येते आणि गिऱ्हाईक जातं.

माझ्या दोन्ही फुल्या गेल्या,
बांबोळीला, एकाच सकाळी.
मागाहून उंचवटे बसवले, ते बरे बसलेत.
शिवण आडवी, डावीकडे जराशी ओढलेली.
माझ्या हातची असती तर उसवून पुन्हा घातली असती.

डॉक्टर कुंकळ्येकर कागदावर चित्र काढून सांगतात.
तिथलीच कातडी कापायची, दुमडायची,
टोक उभं करायचं.
कळलं. त्याच कापडाचं बटण.
वर्षभरात निम्मं बसतं, ते म्हणाले.
बसतंच डॉक्टर, कॅनव्हास लावला तरी बसतं.
नाहीतर सिलिकॉनची मिळतात, चिकटवायची,
रात्री काढून डबीत ठेवायची.
नाहीतर गोंदवून घ्यायचं,
सावली अशी भरतात की सपाट असून वर आल्यासारखं दिसतं.
नाहीतर काही नाही.
काही नाही हेसुद्धा चालतं, पुष्कळजणी तसंच ठेवतात.
आणि जाणीव?
ती कशातच येणार नाही.
हे सांगताना त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मग पुन्हा काढलं. जागा नक्की करायला मला उभं केलं.
दोन खुणा झाल्या, मी आरशात पाहिलं
आणि तोंडातून गेलंच :
अर्धा इंच वर घ्या.
डावी थोडी बाहेर. माझा डावा खांदा उतरता आहे.
नर्स हसली.
त्यांनी स्पिरिटने पुसून परत काढल्या.

राहिला रंग.
शिवोलीच्या लविनाकडे तक्ता आहे, नुसते नंबर.
एक बाजू असती तर तिच्यावरून लावला असता, ती म्हणाली,
आंटी, एखादा फोटो?
कुणाकडे असतो तसला फोटो.
रोज अंगावर पाणी घेताना पाहिलेलं, आणि आठवेना.
भिंडाच्या सोलासारखा? ओल्या की वाळलेल्या?
चिकूची साल? बी?

घरी येऊन दोऱ्यांचा डबा उपडा केला.
एकशे चाळीस रिळं, त्यांत तपकिरीच तेवीस.
गुरुदास जेवत होता.
हा माणूस लग्नापासून मॅचिंग चुकवत आलाय,
अबोली फॉल सांगितला तर केशरी आणतो,
मोरपिशी सांगितला तर सरळ हिरवा.
त्याला विचारलं ते बोलायचं म्हणून.
तो ताटावरून उठला, हात धुतले,
चष्मा शोधला,
एकेक रीळ ट्यूबखाली नेऊन
माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहिलं.
कढी निवली.
हा, म्हणाला.
मग आणखी एक उचललं, फिकट,
हा सुविधा व्हायच्या आधीचा.

मी ताट झाकलं.
दोन्ही रिळं मशीनच्या खणात आहेत, बॉबिनांबरोबर.

लविनाला पावसाळा सरल्यावर येते म्हटलंय.
जाईन बहुतेक.
गेलेच तर आधीचा मागेन, पैसे तेवढेच.
किंवा नाही जाणार.
सध्या चवथ तोंडावर आलीय, एकोणीस ब्लाउज कापून पडलेत,
माझा सगळ्यांत शेवटी, प्रिन्सेस कट.
त्याला टक नसतो. वरून कमरेपर्यंत
एकच शिवण वळत उतरते,
फुली लागत नाही.
तरी कापड पसरलं की खडू खांद्यापासून खाली येतो,
आणि साडेनऊवर
जरा थांबतो.