स्टँडखालची खोली

वर फातोर्डा, खाली मी.
पश्चिमेच्या स्टँडखाली, पायऱ्यांच्या पोटात
एक ठेंगणी खोली,
एक ट्यूबलाइट, एक पत्र्याची पेटी
आणि क्लबचा हिशेबनीस, नागवेकर, कुडचड्याचा.
बावीस सामन्यांचा मोसम. त्यातले अकरा घरचे.
दहा मी पाहिलेच नाहीत.

पण ऐकले सगळे.
आपला गोल म्हणजे आधी पाय थांबतात,
अख्ख्या स्टँडचे, एकदम,
आणि मग खाणीवरचा ट्रक डोक्यावर उलटावा तसं.
छताचा चुना नोटांवर पडतो.
मी फुंकर मारतो, पुढे मोजतो.
ऑफसाइडचा आवाज अर्धा चढतो
आणि जिन्यातच बसतो.
त्यांचा गोल म्हणजे
एक बाटली घरंगळते पायरी-पायरीने,
आणि ती ऐकू येते.

ऑक्टोबरात तीन हजार एकशे सोळा तिकिटं.
इबोचौबा चेंडू घेऊन कडेने निघाला
की वरची गर्दी एका टोकापासून उठत जायची
आणि पेटीतली नाणी त्या बाजूला सरकायची.
खोटं सांगत नाही.
डिसेंबरात गोंयच्या सायबाचं फेस्त आडवं आलं.
नऊशे चार.
खर्चाच्या बाजूला बर्फ, लिंबं, क्रेप बँडेज,
शिलाँगला जाताना तेवीस लोकरी टोप्या.
परत आल्या एकोणीस.
कोलकात्याहून इनास एसटीडीवरून फोन करायचा.
"तीन-शून्य," म्हणायचा, मग बराच वेळ काहीच नाही,
मीटर पळतंय,
आणि शेवटी: "नागवेकारा, भात बरो आसलो."
तेही मी लिहिलं. चौऱ्याहत्तर रुपये.

फेब्रुवारीत मालकांच्या खाणीवरून चेक यायचा थांबला.
मार्चात काजूच्या भट्ट्या पेटल्या,
लोकांना दुसरं काम होतं.
ओबिओराचा गुडघा. गुडघ्याचे फोटो. फोटोंचं बिल.
पगाराच्या खान्यात मी पेन्सिल वापरू लागलो.
बुशांव, आमचा गोली, एकदा खिडकीशी आला,
हातमोजे काखेत,
म्हणाला, पगाराचं राहू दे, आईला एक पास दे.
पास संपले होते.
म्हणजे छापलेच नव्हते.

शेवटचा सामना मेच्या दुसऱ्या रविवारी.
बरोबरी पुरली असती.
चारशे अकरा तिकिटं, मोजायला किती वेळ लागणार?
पेटीला कुलूप लावायच्या आधी
चारशे बारावं मी स्वतःच्या हाताने फाडलं,
वीस रुपये खिशातून काढून आत टाकले
आणि पायऱ्या चढलो.

हिरवं इतकं असेल असं वाटलं नव्हतं.
इतकी वर्षं मनातलं मैदान राखाडी होतं,
वहीच्या पुठ्ठ्यासारखं.
शेजारी कुणीतरी चोरीस-पाव खात होतं.
दोन रांगा पुढे बुशांवची आई, पियेदादबाय,
तिकीट काढून आलेली,
छत्री मिटून मांडीवर.
शून्य-शून्य. ऐंशी मिनिटं उलटलेली.
मग त्यांच्या पोराने कोपऱ्यातून चेंडू टाकला,
बुशांव निघाला, थांबला,
ते जे थांबला ना,
आणि जाळं हललं.

काहीच आवाज झाला नाही.
बाटलीसुद्धा नाही.
खाली असतो तर मला कळलंच नसतं.
शून्य-शून्य लिहून, दिवा मालवून
मी शेवटची बस पकडली असती
आणि निदान कुडचड्यापर्यंत
आम्ही राष्ट्रीय लीगमध्ये राहिलो असतो.

पियेदादबायने छत्री उघडली.
तिथे ऊन नव्हतं.

सोमवारी हिशेब जुळवला.
गुण एकवीस, क्रमांक अकरावा.
हे माझ्या वहीत येत नाही, तरी लिहिलं.
जर्सी बावीस हव्यात, एकवीस भरल्या.
नऊ नंबरची ओबिओरा अंगावर घालूनच विमानात बसला.
मी तिच्यापुढे 'जीर्ण' असं लिहून टाकलं.
आणि जमेच्या बाजूला, शाईने:
तिकीट एक, रुपये वीस, रोख.
तिकिटापुढे नाव लिहायची पद्धत नाही.