लाभ

पॉलिटेक्निकच्या वहीत मी तक्ता आखला:
डावीकडे खंडी, कुडो, पायली, शेर,
उजवीकडे किलो, अगदी शेवटी न्यूटन.
डोमाजी मापारी म्हणाले,
"कोन्त्या धानाची खंडी, पोरी? ओल्या का वाळल्या?"
ओलाव्याला रकानाच नव्हता.

पवनीच्या काट्यावर पोतं चढायचं होतं.
पृथ्वी त्याला किती ओढते ते काढायला
मी नऊ पूर्णांक एक्क्याऐंशीनं गुणत होते.
त्यांनी खालून हात घातला, बोटभर उचललं,
आकडा सांगून मोकळे.
काटा दोनशे ग्रॅम जास्त बोलला.
"धूळ बसली हाये त्याच्यावर."

मग रास मापायला बसले.
पहिल्या पायलीला इथे कुणी एक म्हणत नाही.
"लाभ," ते म्हणाले. मग दोन. मग तीन.

तक्त्यातला एक मी खोडला.
तिथे कागद जरा झिजलाय.