जाहिरातीनंतर

यलोनाइफच्या लाँड्रीत ड्रायर घुमताहेत
आणि कालच्या भागावरून जुंपलीय:
ऑर्व्हिलने तळ्याच्या मधोमध ब्रेक मारायला नको होता.
"छे रे, तडा खोटा. ढोल मागून घातलेत."
"मग त्याचा चेहरा? तोही मागून घातला?"

डेल्फीन मोज्यांच्या जोड्या लावतेय.
तिचा नवरा त्याच रस्त्याने डिझेल नेतो,
ताशी पंचवीसने, पट्टा न लावता,
उडी मारता यावी म्हणून.

"कडकडतो तो बर्फ धड असतो," ती म्हणते.
"गप्प झाला की घाबरायचं."

पोरं ओशाळतात. "मग तू कशाला बघतेस,
एकही भाग न चुकवता?"

ती एक मोजा सुलटा करते,
हात आत घालून, पार टोकापर्यंत.
"त्यात सगळे पोचतात रे.
जाहिरातीनंतर."